टॉयबाच्या तीन पत्रांना उत्तर

लडलो स्ट्रीट, न्यूयॉर्क
६ मार्च १९१०, रविवार

लाडक्या टॉयबेले,

तुझी तिन्ही पत्रं मिळाली. मी बरी आहे. तूही बरी असशील, नीट जेवत असशील, फिलाडेल्फियाच्या थंडीत गळ्याभोवती शाल घट्ट गुंडाळत असशील असं धरून चालते. उत्तराला उशीर झाला. कामाचं निमित्त सांगणार होते, पण तुला माझी निमित्तं पाठ आहेत.

इथलं सगळं ठीक. शेजारच्या पेशाबाईंनी पुरिमच्या सणासाठी खसखशीच्या करंज्या करायचं आतापासूनच मनावर घेतलंय. रोज विचारतात, "धाकटी कधी येणार गं?" मी म्हणते, "येईल." स्लोनिमहून बाबांचं पत्र आलं. त्यांना वाटतं आपण अजून एकत्र राहतो. पत्राखाली तुझं अक्षर का नसतं म्हणून विचारलंय. तुझ्या बोटात सुई गेली असं लिहून दिलं. आपण शनिवारी, शब्बाथच्या दिवशी काम करतो हे जसं त्यांच्यापासून लपवलं, तसंच हेही. खोटं बोलायला माझी जीभ आता अडत नाही.

गादीवर मी अजून भिंतीकडेच झोपते. तुझी बाजू तशीच आहे.

कारखान्याची खबर तुला युनियनवाल्यांकडून कळली असेल. मालक लेफकोविचने अखेर करारावर सही केली. आठवड्याचे बावन्न तास, शनिवारी अर्धा दिवस. सुया-दोऱ्याचा खर्च आता मालकाचा. आधी कुलपात असायचं ते जिन्याकडचं मागचं दार कामाच्या वेळी उघडं असतं, वाऱ्याने आपटतं, तरी कुणी लावत नाही. तुम्ही पोरींनी थंडीत उभं राहून मिळवलेलं हे सगळं मीही वापरते. मी संपात नव्हते तरी.

तुझं तिसरं पत्र रोज वाचते. "एक खोली मिळाली आहे, खिडकी रस्त्यावर उघडते, समोर झाड आहे. ब्रायने, तू ये. इथेही झंपरं शिवायचीच कामं आहेत. या देशात तू सोडून माझं आहे कोण?" एवढं वाचते आणि कागद घडी घालून ठेवते. मंगळवारी तर मी ट्रंक ओढून कपडे भरायला घेतले होते. तुझा निळा परकर हाती लागला, आणि सगळं परत बाहेर काढलं.

मला यायचं नाही असं समजू नकोस. इतकं यायचंय की रस्त्यात तुझ्यासारखी चालणारी मुलगी दिसली तरी मी दोन गल्ल्या तिच्यामागे जाते. पण आधी जे सांगायचं ते सांगते.

संपाच्या आदल्या सोमवारी लेफकोविचने मला कापडाच्या खोलीत बोलावलं. स्वतःच्या हाताने चहा दिला. म्हणाला, "ब्रायना, तू शहाणी बाई. पोरींना कोण भडकवतंय तेवढं सांग. मी काही वाकडं करणार नाही. समज देईन आणि सोडून देईन."

मी म्हणाले, "टॉयबा."

त्याने जोर केला नाही. धमकी दिली नाही. चहा अजून गरम होता.

मला वाटलं, तो रागावेल, तू घाबरशील, संध्याकाळी आपण हेरिंग मासा आणि काळा पाव खाऊ आणि विषय संपेल. हे खरं आहे, पण पुरतं खरं नाही. आठ वर्षं मान मोडून मी मुकादमीण झाले, आणि तू दीड वर्षापूर्वी बोटीतून उतरलीस. तरी पोरी तुझ्या तोंडाकडे बघायच्या. मी बोलले की माना खाली. तू बोललीस की मशीनं थांबायची. ते मला सहन होत नव्हतं.

मग ती डिसेंबरातली सकाळ. फाटकापाशी तुम्ही वीसजणी होतात. मालकाने भाड्याने आणलेल्या त्या दोन बायका सगळ्यांना सोडून सरळ तुझ्याकडे आल्या. तूच सांगितलं होतंस, एकजण म्हणाली, "हीच ती टॉयबा, स्लोनिमची." मी तिसऱ्या मजल्याच्या खिडकीत होते. तुझी टोपी पडलेली दिसली. त्यांनी तुला केसांना धरून ओढलं आणि पोलिसांनी नेलं तुलाच. मी खाली आले नाही. कोर्टात मागच्या बाकावर होते, डोक्यावरून शाल घेऊन. "हिच्यासाठी उभं राहणारं कुणी नातेवाईक?" असं विचारलं तेव्हा तू वळून बघितलंस. माझ्या पुढच्या बाकावर लेफकोविचचा माणूस बसला होता. मी उठले नाही.

बेटावरच्या तुरुंगात पाच दिवस काढून आलीस आणि दारातच हसलीस. "मुकादमीणबाई, तिथेही शिवणच दिलं हो! पण तिथली मुकादमीण तुमच्यापेक्षा बरी होती, मध्येमध्ये जांभया द्यायची." मीही हसले. मग तू बसलीस आणि हळूच विचारलंस, "ब्रायने, माझं नाव कुणी सांगितलं असेल? गिट्टलने? संपाच्या आदल्या शनिवारी ती मालकाकडे गेली होती."

मी बटाटे सोलत होते. सोलत राहिले.

गिट्टल आईच्या दुखण्यासाठी रजा मागायला गेली होती, टॉयबा. मला माहीत होतं. ज्या मैत्रिणीबरोबर तू एका बोटीतून आलीस, तिच्याशी बोलणं टाकलंस, आणि तिचं तोंड बघायला नको म्हणून न्यूयॉर्क सोडलंस. फेरीबोटीच्या धक्क्यावर माझ्या गळ्यात पडून म्हणालीस, "तू तरी माझी आहेस." ते तुझे हात मला अजून मानेवर जाणवतात.

इकडे गिट्टलशी कुणी बोलत नाही. तिच्या शेजारचं मशीन कुणी घेत नाही. तिच्या डब्यात कुणीतरी मेलेला उंदीर ठेवला. ती डबा धुते आणि कामाला बसते. तिने एकदाही माझ्याकडे बोट दाखवलं नाही. तिला ठाऊकच नव्हतं कुणाकडे दाखवायचं.

काल शनिवार. एक वाजता मशीनं थांबली, बाहेर लख्ख ऊन होतं. पोरी घोळक्याने निघाल्या, कुणी सिनेमाला, कुणी पुलावर. गिट्टल सगळ्या जाईपर्यंत शालीच्या टोकाशी चाळा करत थांबली होती, रोजच्यासारखी. मला काय झालं सांगता येत नाही. मी खुर्चीवर चढले आणि ओरडले, "थांबा! टॉयबाचं नाव मी सांगितलं. गिट्टलने नाही. मी."

दाराकडे निघालेल्या पोरी वळल्या. मग सिपोराचा आवाज आला, "सख्खी बहीण ना गं तू?" एकजण जमिनीवर थुंकली. गिट्टल माझ्यासमोर येऊन उभी राहिली. मला वाटलं मारेल. तिने मारावं असंच वाटत होतं. ती म्हणाली, "आई गेली त्या दिवशी माझ्याकडे एकही जण आली नाही, ब्रायना." आणि निघून गेली. तिची आई वारल्याचं मला माहीत होतं. मीही गेले नव्हते.

मुकादमीण राहणार नाही असं लेफकोविचला सांगून आले. साधं मशीन मागितलं. पोरींची कमिटी मंगळवारी ठरवेल, मला त्यांच्यात बसू द्यायचं की नाही. त्या नाही म्हणाल्या तरी मी इथेच कुठेतरी काम शोधीन. तुझ्याकडे पळून येणार नाही.

हे तुला दुसऱ्या कुणाकडून कळू नये म्हणून आजच टाकते आहे. माफी मागायला जागा ठेवलेली नाही. एवढंच मागते, मला लिहायच्या आधी गिट्टलला लिही. तिला तुझी फार गरज आहे. माझ्याहून जास्त, असं लिहायला हवं. लिहिलं.

त्या खोलीत दुसरी कुणी सोबतीण मिळाली तर घे. एकटी राहू नकोस. समोरच्या झाडाला पालवी फुटली का, हे मात्र कुणाच्या तरी हाती कळव.

तू स्लोनिमला होतीस तेव्हा आठ वर्षं मी प्रत्येक पत्राखाली न विचारता "तुझीच" लिहिलं. आज तो शब्द मी लिहीत नाही. राहू द्यावासा वाटला, तर तूच लिही.

ब्रायना