शेवटचे रीळ

आबा, काल दूरदर्शनवर तो बोलपट लागला होता. मी चौथी पास झालो त्या वर्षी तुम्ही मला दाखवला होता, तोच. तुम्ही जाऊन चाळीस वर्षे उलटली, तेव्हा दूरदर्शन म्हणजे काय हे आधी सांगायला हवे. घाटकोपरच्या माझ्या खोलीत एक पेटी आहे, तिच्यात शनिवारी मराठी आणि रविवारी हिंदी चित्रपट घरबसल्या दिसतो. तिकीट नाही, गेटावरची रेटारेटी नाही. तुम्हांला मधूनच उठून जायला निमित्तच उरले नसते.

चित्रपटांच्या बाबतीत आमच्या चाळीत माझा शब्द मानतात. शिक्षण चौथीपर्यंत असले तरी वर्तमानपत्रातील चित्रपटांचे पान मी पहिल्या ओळीपासून अखेरपर्यंत वाचतो. कोणता नट निवडणुकीला उभा राहतो आहे, कोणती नटी लग्न करून धंदा सोडते आहे आणि कोणती तेच करून परत येते आहे, हे मला विचारावे. हल्लीचे चित्रपट मात्र सांगण्यासारखे नाहीत. पन्नाशीचा नायक वह्या घेऊन कॉलेजात जातो. काच फोडून खाली उडी घेतो, पण भांग मोडत नाही. आंधळ्या आईला दृष्टी येते ती नेमकी शेवटच्या मारामारीत, म्हणजे बिचारीने पाहायचे काय, तर मारामारी. शेजारचा बँकेतला कारकून मला डिवचतो, "काका, तुमच्या जमान्यात फायटिंगच नव्हती ना? मग पिक्चर बघायचात तरी कशाला?" मी त्याला सांगतो, "पिक्चर नव्हे, चित्रपट. आणि आमच्या वेळी त्यात गोष्ट असे." तो हसून म्हणतो, "झकास!" गोष्टीचा शेवट मात्र मला कधी पाहायला मिळाला नाही, हे मी त्याला सांगत नाही.

तुमची रीत मला अजून लख्ख दिसते. गिरणीच्या साचेखात्यातल्या सोबत्यांबरोबर तुम्ही बोलपट आधी पाहून येत असा आणि मग रविवारी मला नेत असा. अंधारात कोपराने ढोसून सांगत असा, "आता बघ, आता पडतलो." आणि तो पडे. मला वाटे, माझ्या वडिलांना पुढचे सगळे ठाऊक असते. शेवट जवळ आला की तुम्ही टोपी घालता, माझे मनगट धरता आणि म्हणता, "ऊठ रे झिला. फुडला माका ठावक आसा, वाटेत सांगतंय." लोकांच्या गुडघ्यांना अडखळत आपण बाहेर पडतो आणि उरलेली गोष्ट मी रस्त्यावर तुमच्या तोंडून ऐकतो. माझी शाळाही तुम्ही तशीच अर्ध्यावर सोडवलीत. मास्तर घरी येऊन म्हणाले होते, मुलगा पहिला आला आहे, त्याला काढू नका. तुम्ही म्हणालात, "गिरणीत जाग्या आसा. बापाशीन सांगितला ता झिलान आयकूचा." मी रुसून मावशीकडे जाऊन राहिलो. रोज दाराशी बसून तुमची वाट पाहिली. तुम्ही आला नाहीत. अखेरीस मी आपणहून परत आलो आणि त्याच रविवारी तुम्ही मला हा बोलपट दाखवायला नेलेत.

त्यातही एक करडा बाप होता आणि घर सोडून गेलेला मुलगा. बाप एकटा जेवायला बसतो तेथे तुम्ही उठलात. रस्त्यात मी विचारले, पुढे काय झाले? "झील परत इलो, बापाशीच्या पायार डोक्या ठेवल्यान. सपला." मी गिरणीत गेलो आणि जन्मभर तो शेवट खरा मानला.

खरा मानला म्हणूनच माझा मुलगा मॅट्रिक होऊन महानगरपालिकेतली नोकरी नाकारू लागला, अंधेरीच्या स्टुडिओत दिवे लावायचे काम धरतो म्हणाला, तेव्हा मला काळजी वाटली नाही. "चित्रपट पाहायचे असतात, त्यावर पोट भरायचे नसते. जायचेच असेल तर या उंबऱ्यात पाय ठेवू नकोस," असे मी सांगितले. बापाने सांगितलेले त्याने ऐकले. तो जोगेश्वरीत राहतो. आमची ही वरचेवर म्हणते, "अहो, तुम्ही एकदा त्याच्या दारात जा. तो तुमच्याच वळणाचा आहे, आपणहून नाही यायचा." मी म्हणत आलो, येईल.

काल मी शेवटपर्यंत बसलो. तो बाप जेवणाचे ताट सरकवून उठतो. छत्री काखोटीला मारून पत्ता विचारत निघतो. मुलाच्या दारात पोहोचल्यावर आत जात नाही. उभ्या उभ्या, शेजाऱ्यांच्या देखत, मुलाची क्षमा मागतो. आबा, तुम्ही हे पाहिले होते. मला नेण्याआधी सोबत्यांबरोबर बसून पुरते पाहिले होते. मावशीच्या दाराशी मी बसलो होतो, तेव्हाही तुम्हांला ते ठाऊक असेल काय, हे आता कोणाला विचारू?

ही तेवढ्यात नळाला पाणी आले म्हणून हंडा घेऊन गेली होती. परत आली तेव्हा पडद्यावर बातम्या लागल्या होत्या. पदराला हात पुसत तिने विचारले, "काय झालं हो शेवटी?"

"मुलगा परत आला," मी म्हणालो.

तिने पदर कमरेला खोचला. "आणि बाप? तो नाही गेला आणायला?"

"तो घरीच होता."

"बरं," असे म्हणून ती भाताचे पाहायला गेली. आज सकाळपासून दाराशी पाऊल वाजले की ती मान वर करते. हे पत्र तुमच्यापर्यंत जाणार नाही, ठाऊक आहे. मी तिला खरा शेवट अजून सांगितलेला नाही.