सुतारकाकांच्या भिंतीवरचे बूट

ती. आईस,
वाकून नमस्कार, म्हणजे आज पायांना जितकं जमतंय तितकं वाकून.

काल बॅलेत पहिल्यांदा एकटीने नाचले. लोक उभं राहून टाळ्या वाजवत होते. अंगठ्याचं नख गेलंय, पण ते परत येतं म्हणे. तुझी कंबर कशी आहे?

आत्याचा फोन आला होता. "भाचीचे नाचाचे बूट दिवाणखान्यात काचेच्या कपाटात ठेवीन," म्हणाली. आता बरी भाची आठवली! सरावासाठी तोच दिवाणखाना मागायला गेले, तेव्हा तिने मला उंबऱ्याबाहेर उभं केलं होतं. "लांबूनच बघ हो, डाग पडतील." मी विसरलेली नाही.

तेव्हा सुतारकाकांनी दुकानातला भुसा झाडून जागा दिली, धरायला भिंतीला दांडा ठोकला. शिंपीणमावशींनी बुटांना फिती शिवल्या.

म्हणून बूट तुला पाठवतेय. आधी मावशींच्या हातात दे, मग सुतारकाकांच्या भिंतीवर टांग. बाबांना आत्ताच सांगू नकोस, त्यांना बहिणीचा पुळका येईल.

आत्या बघायला येईलच. तिला दुकानाच्या दारातच थांबव आणि अगदी गोड आवाजात सांग, "लांबूनच बघा हो, डाग पडतील."

तुझीच,
खुनशी लेक