टेबलातली शेगडी

तीर्थस्वरूप अक्कास,

साष्टांग नमस्कार. तुझे गुडघे आता तुझं ऐकत असतील आणि दाजीही, अशी आशा आहे. इकडे लोकांचे पंप बिघडताहेत, म्हणजे आपलं वर्कशॉप उत्तम चाललंय.

तुझी भावजय सहा महिने मुलीकडे राहायला निघाली होती. भांडण नाही, काही नाही. "जन्मभर मी वाढलं, आता मला कुणी बसवून वाढावं," एवढंच म्हणाली. घर खायला उठणार, या भीतीने मी तिथल्या तिथे जाहीर केलं की दर रविवारी बाहेर जेवायचं. पण आपल्याकडचं काही खायला नेलं तर ही पहिल्याच घासाला म्हणते, "मीठ शेवटी घातलंय." म्हणून मी डोकं लढवलं (याच डोक्यावर मी हेल्परचा मालक झालो): हिला जे करताच येत नाही ते खायला न्यायचं. मग चूक काढणार कशी? गल्लीच्या तोंडाशी हल्ली परदेशी खानावळींचं पीक आलंय. तेही नुसतं त्या देशाचं जेवण नाही, तिथल्या अमक्या खोऱ्यातलं, तमक्या बेटावरचं.

पहिल्या रविवारी खोऱ्यातली आंबवलेली कोबी आली. वास घेऊन ही वेटरला म्हणाली, "बाळा, हे कालच टाकायला हवं होतं." तो म्हणाला, "काकू, हे मुद्दामच महिनाभर ठेवतात." पुढे जेवणभर ती त्याच्याकडे कणवेने बघत होती. दुसऱ्या रविवारी बेटावरच्या शेवयांचं सूप. तिथे म्हणे भुरके मारणं ही स्वयंपाक्याची तारीफ. (त्या आवाजावरून मी घरी किती बोलणी खाल्ली आहेत, ते तुला ठाऊक आहे.) मी मनापासून तारीफ केली. ही उठून शेजारच्या टेबलावर जाऊन बसली.

तिसरी खानावळ डोंगराळ मुलखातली. टेबलाच्या मधोमध शेगडी, आणि ताटात सगळं कच्चं.

"हे शिजवायचं कोणी?" हिने विचारलं.

"तुम्हीच," मालकीणबाई हसून म्हणाल्या. "आमच्याकडे असंच जेवतात."

हिने माझ्याकडे पाहिलं. पंपाच्या आवाजावरून बिघाड सांगणारा माणूस मी. तिचं न बोलणं मला स्वच्छ ऐकू आलं. सहा महिन्यांचे आता आठ होणार. तिचा हात पोचायच्या आत मी चिमटा उचलला.

वांग्याची पहिली चकती कोळसा झाली, दुसरी खाली पडली, शर्टाची बाही पेटता पेटता राहिली. ही हाताची घडी घालून मागे रेलली. "उलटा. आत्ता नको. अहो, तिला जरा दम घेऊ द्या." शेजारची एक बाई नवऱ्याच्या कानात कुजबुजली, "बघा, ते कसे करतात." तो म्हणाला, "जळतंय ना पण." (मला दोन्ही ऐकू आलं.) अक्का, हिने प्रत्येक चकतीला नाव ठेवलं आणि प्रत्येक चकती खाल्ली. परतताना म्हणाली, "मुलीकडे नंतर बघू. दर रविवारी असंच करा. पण घरी."

दाजींना नमस्कार.

तुझा,
धाकटा

ता. क. खरं काम असं, की येत्या रविवारी भात माझ्याकडे आहे. पाणी किती घालायचं ते वर्कशॉपच्या पत्त्यावर कळव. हिला कळता कामा नये.

ता. क. २. वन्सं, यांचं अक्षर पोस्टमनला लागत नाही, म्हणून पाकिटावर पत्ता नेहमी मीच घालते. आजही पाकीट उघडंच हातात दिलंय. पाण्याचं कळवू नका, मलाच विचारू देत. मुलीला तर मी कोबीच्या रविवारीच 'येत नाही' म्हणून कळवून टाकलं होतं. तेही यांना इतक्यात सांगू नका. आत्ता कुठे हाताला वळण लागतंय.