हिरव्या भिंतीच्या विभागात येण्याआधी

चि. बुटकीस,

तुझ्या मावशीकडून पोतंभर आशीर्वाद. (मागे भेटलीस तेव्हा माझ्यापेक्षा वीतभर उंच झाली होतीस, हे मी पाहिलं. तरी नाव बदलणार नाही. एकदा पडलेलं नाव आपल्या घराण्यात आणि आमच्या विद्यापीठात कोणी बदलत नाही.) तू, तुझी आई आणि तुझ्या आईचा गुडघा, तिघंही सुखरूप असाल असं धरून चालते. मी बरी आहे. एक दाढ गेली, पण ती गेली काही वर्षं नुसती जागा अडवून बसली होती, आमच्याकडच्या काही प्राध्यापकांसारखी.

शाळा संपली, आता आमच्या विद्यापीठात यावं की गावाबाहेरच्या त्या काचेच्या खासगी विद्यापीठात जावं, आणि आमच्याकडे येणाऱ्या मुलीला आधी काय माहीत असायला हवं, असं तू विचारलंस. ताईने वरून तंबी दिली आहे की, "पोरीला खरं काय ते लिही, उगाच आपलंच घोडं पुढे दामटू नकोस." तेव्हा घोडं आधीच दाव्याला बांधते आणि सांगते. आमच्या वनस्पतिशास्त्र विभागात यंदा अजून एकही अर्ज आलेला नाही. मुदत संपेपर्यंत आला नाही, तर विभाग बंद. माझी नोकरी जाणार नाही (सरकारी विद्यापीठात नोकरी जात नाही, फक्त काम जातं), पण मला परीक्षा भवनात पाठवतील आणि उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यांना लाख नीट लागली आहे की नाही हे तपासायला बसवतील. म्हणजे माझं शिकवणं संपलं. हे मनात ठेव आणि पुढचं सगळं गाळणीतून गाळून घे.

तर पहिली गोष्ट सूचनाफलकाची. आमच्या फलकाला काच आहे, काचेला कुलूप आहे, आणि कुलपाची किल्ली ज्यांच्याकडे होती ते गृहस्थ ती खिशात घेऊनच निवृत्त झाले. त्यामुळे नव्या सूचना काचेवर बाहेरून चिकटवतात. एकीवर दुसरी, दुसरीवर तिसरी. सगळ्यात वरची दिसते ती तुझ्या उपयोगाची नसते, आणि उपयोगाची असते ती खरवडून काढावी लागते, म्हणून जुन्या विद्यार्थ्यांची नखं वाढलेली असतात. दुसरी गोष्ट खिडक्यांची. प्रवेशाच्या कामाला एका खिडकीवर गेलीस की ती दुसरीवर पाठवते, दुसरी तिसरीवर, आणि तिसरी सांगते की हे तर पहिलीचंच काम. चिडू नकोस. तिसऱ्या फेरीला तिन्ही खिडक्यांतली माणसं तुला ओळखायला लागतात, घरचं विचारतात, आणि मग काम असं चुटकीसरशी होतं की हे आधीच का नाही झालं, असा प्रश्न विचारायलाही लाज वाटते. काचेच्या विद्यापीठात म्हणे लिफ्ट बोलते. आमची कण्हते. तिच्यात बसू नकोस, जिना चढ, जिन्यात मैत्रिणी भेटतात. स्वच्छतागृहात जाताना साबण घरचा ने आणि सोबत एक विश्वासू माणूस ने, दार धरायला. ग्रंथालयातल्या बाई पुस्तक देताना मुलगी सासरी पाठवल्यासारखा चेहरा करतात, पण एकदा का त्यांचा विश्वास बसला की तुला हवं ते पुस्तक स्वतःच्या डब्यामागे लपवून ठेवतात. मी विद्यार्थिनी असताना माझी अर्धी पुस्तकं अशी कुणाच्या तरी डब्यामागून आली, आणि त्यांना भाजीचा वास होता.

आता भिंतीचं सांगते, कारण ते टाळून पुढे जाता येणार नाही. आमच्या इमारतीच्या मागच्या बाजूला, जिथे ऊन पोहोचत नाही, तिथे एक पाइप कित्येक वर्षं गळत होता. त्याखाली भिंतीवर शेवाळ धरलं. (तुझी आई त्याला बुरशी म्हणते. बुरशी वेगळी. मी सख्ख्या बहिणीला हे आयुष्यभर सांगत आले, आता तू सांगून पाहा.) मला ज्यांनी शिकवलं त्या आमच्या बाईंनी ते पाहिलं आणि ठरवलं की ही भिंतच आपली प्रयोगशाळा. दर आठवड्याला कोणत्या जातीचं शेवाळ कुठवर सरकलं, कोण कोणाला रेटतंय, कोण उन्हाळ्यात मेल्याचं सोंग करतं आणि पावसात उठून बसतं, हे त्यांनी पाहिलं. त्या गेल्यावर मी पाहिलं, आणि माझ्या मुलांनी पाहिलं. बाकी सगळे विभाग पाइप दुरुस्त करून द्या म्हणून वर्षानुवर्षं अर्ज करत असतात. आम्ही एकटे असे की, आमचा पाइप दुरुस्त करू नका म्हणून अर्ज करायचो. आणि विद्यापीठ इतकं चांगलं की आमचं म्हणणं न वाचताच मान्य करायचं.

मागच्या वर्षी मूल्यांकन समिती येणार असं ठरलं. ही समिती विद्यापीठाला गुण देते, आणि ती येणार म्हटलं की आमच्याकडे लगीनघाई उडते. मी आमच्या कुलसचिवांकडे गेले. अतिशय गोड माणूस, कोणालाही नाही म्हणत नाही, त्यामुळे कोणाचंच काही होत नाही. मी लिहून दिलं की भिंतीला हात लावू नये, पहारा ठेवावा. त्यांनी मंजूर केलं. त्याच दिवशी देखभाल खात्याने लिहून दिलं की सगळ्या बाहेरच्या भिंती खरवडून रंगवाव्यात. त्यांनी तेही मंजूर केलं. ठरलेल्या सकाळी एक पहारेकरी भिंत राखायला आला आणि एक रंगारी भिंत रंगवायला आला. दोघांनी एकमेकांची मंजुरी वाचली. दोन्हींवर सही एकच. माणसं समजूतदार, भांडली नाहीत. पहारेकऱ्याने शिडी धरली.

मी कुठे होते विचारशील. मी मोठ्या सभागृहात होते. त्या दिवशी शाळेतून बाहेर पडणाऱ्या मुलांना आणि त्यांच्या आईवडिलांना 'आमच्याच विद्यापीठात का यावं' हे सांगायचं काम माझ्याकडे दिलं होतं. (बाकीच्यांनी काहीबाही कारणं काढून ते टाळलं, मी हौसेने घेतलं.) मी रंगात आले. तुला माहीत आहे, एकदा तोंड उघडलं की मला आवरत नाही. म्हटलं, तिकडे काचेच्या इमारतीत तुम्हाला पडद्यावर चित्रं दाखवतील, इथे जिवंत भिंत आहे, चला, आत्ता दाखवते. आणि सगळी वरात घेऊन इमारतीला वळसा घातला. भिंत फिक्कट पिवळी झाली होती. अजून ओली होती. खाली जमिनीवर तारेच्या ब्रशने खरवडलेलं शेवाळ पडलं होतं, त्याच्यावर रंगाचे थेंब. रंगारी शेवटचा कोपरा करत होता आणि पहारेकऱ्याने मला पाहून शिडी सोडून सलाम केला, त्यात रंगारी पडता पडता वाचला. एक आई म्हणाली, "रंग छान निवडलाय." एका वडिलांनी विचारलं की जिवंत भिंत हीच का. मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? मग मी त्यांना हाताने दाखवत राहिले, इथे अमुक होतं, इथून ते असं वर चढत होतं, इथे दोन जाती भांडत होत्या. लोक ऐकून घेत होते. चांगले लोक होते, एकाचाही फोन वाजला नाही. त्यांच्यापैकी कोणाच्या मुलाने आमच्याकडे अर्ज केला नाही आणि मी त्यांना दोष देत नाही. पाइपही त्याच दिवशी दुरुस्त झाला. विद्यापीठाने माझ्या हयातीत वेळेवर केलेलं हे एकमेव काम. समितीने नंतर आमच्या विभागाच्या स्वच्छतेचा खास उल्लेख केला आणि संशोधनाखाली काही आढळले नाही असं लिहिलं. दोन्ही खरं होतं.

मी घरी येऊन रडले. तुला लिहायला हरकत नाही, तू मोठी झालीस. बाई गेल्या तेव्हा मी इतकी रडले नव्हते. तेव्हा वाटलं होतं, बाई गेल्या पण भिंत आहे.

तेव्हा माझ्याकडे एकच विद्यार्थिनी उरली होती. सकाळी एका लाँड्रीत काम करायची आणि तिथून वर्गात यायची, त्यामुळे तिच्या वह्यांची पानंसुद्धा इस्त्री केल्यासारखी असायची. तिचा सगळा प्रकल्प त्या भिंतीवर होता. दोरा लावून शेवाळाची कड मोजायची, आणि कड सरकलेली दिसली की माझ्याकडे धावत यायची, जणू भाऊ परीक्षेत पास झाला. रंगवलेल्या भिंतीसमोर हातातला दोरा गुंडाळत ती म्हणाली, "मॅडम, आता?" मी खालपासून वरपर्यंत सगळ्यांकडे गेले. उत्तर मिळालं की विषय बदलता येईल, मात्र पुन्हा पहिल्या वर्षापासून. तिला तेवढी वर्षं परवडणारी नव्हती. ती लाँड्रीत दिवसभराच्या कामाला लागली. हल्ली मी माझे कपडे तिथेच देते. परवा घाईघाईत दिलेला कुडता तिने उलगडून पाहिला आणि म्हणाली, "मॅडम, हा तर धुतलेलाच आहे. मागच्या आठवड्यात मीच धुतला." मी म्हटलं, असू दे, पुन्हा धू. तिने चिठ्ठी टाचली. मग विभागाचं विचारलं. मी छान चाललंय म्हणाले.

आता एवढं वाचून तू म्हणशील की मावशीने येऊ नकोस असंच सांगितलं. तसं नाही गं. तुला माहीत असायला हवं ते हेही आहे की, आमच्या फाटकाशी तुला कोणी विचारत नाही, तू कोणाची, कुठून आलीस, इंग्रजी येतं का. लाँड्रीतली मुलगी आणि कुलसचिवांचा पुतण्या एकाच मोडक्या बाकावर बसतात आणि बाक दोघांनाही सारखंच टोचतं. तुला वाटेल त्या वर्गात मागे जाऊन बसता येतं. इथे मूर्ख प्रश्न विचारता येतो. मी पहिल्याच तासाला बाईंना विचारलं होतं की, शेवाळाला फुलं कधी येतात? सगळा वर्ग हसला. (शेवाळाला फुलं येत नाहीत. तूही हसू नकोस.) बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, चल, बघून येऊ. आणि तास सोडून मला भिंतीपाशी घेऊन गेल्या. माझं पुढचं सगळं आयुष्य त्या एका 'चल'मुळे झालं. असं कोणी तुला चल म्हणावं, एवढंच मला वाटतं. मग ते कुठेही म्हणो.

ताईला नमस्कार. गुडघ्याला जिना टाळायला सांग. तुला पुन्हा एकदा आशीर्वाद, आणि उंची आता पुरे.

तुझी,
मावशी

ता. क. : मी दाव्याला बांधलेलं घोडं सुटलं आहे. अर्जात शेवटच्या रकान्यात का होईना, आमचा विषय लिहिशील का? एक नाव आलं तरी यंदाचं वर्ष निभतं. मी कालच्या बैठकीत सांगून टाकलं की एक मुलगी येते आहे. नाव नाही सांगितलं. हुशार आहे का असं विचारलं, तेव्हा हो म्हटलं. पुढल्या वर्षी तुला विषय बदलायचा तर बदल, मी स्वतः तिन्ही खिडक्या फिरेन.

ता. क. दुसरा : पाकीट चिकटवणार, एवढ्यात ताईचा फोन आला. तू काचेच्या विद्यापीठात प्रवेश घेतलास म्हणे, तोही गेल्याच आठवड्यात. मावशीला कसं सांगू म्हणून तू तो प्रश्न विचारलास, म्हणजे मला वाटावं की माझं मत घेतलं. अगदी आजोबांवर गेली आहेस, तेसुद्धा भाजी आणल्यावर विचारायचे, कोणती आणू. मला राग आला नाही. आला होता, पण चहा होईपर्यंतच. चांगलं केलंस, तिथे छान शीक. वरचा ता. क. रद्द समज, आणि मनाला लावून घेऊ नकोस. बैठकीत मी उद्या सांगते की माझी ऐकण्यात चूक झाली.

ता. क. शेवटचा : हे ताईला वाचून दाखवू नकोस. तुझ्या त्या विद्यापीठात वनस्पतिशास्त्र नाही, हे मला ठाऊक आहे, मी त्यांचं माहितीपत्रक आणून दोनदा वाचलं. पण गेलीस की सहज चौकशी करशील का, त्यांना तासाच्या हिशेबाने शिकवायला एखादी बाई हवी आहे का? माझं नाव आधी सांगू नकोस. विषय कोणताही चालेल. मी आदल्या दिवशी वाचून येईन.