जूनमध्ये उघडणारी शाळा

ट्रॉय, मिशिगन
एप्रिल २००८

प्रिय शैलजा,

तुला ईमेल पाठवायची इतकी सवय झालीये की पेन हातात धरल्यावर माझंच अक्षर मला परक्याचं वाटतंय. पण शाळेसाठीच्या आपल्या फाउंडेशनचं मेल अकाउंट निधी बघते, पासवर्डही तिलाच पाठ असतो, आणि हे पत्र तिच्या हाती लागून चालणार नाही. म्हणून कागद. तो पोस्टातून थायलंडला, तुझ्या किनाऱ्यावर पोचेपर्यंत तिकडचं ऊन संपत आलेलं असेल आणि मुलांच्या होड्या परत यायला लागल्या असतील.

विषय तुला माहीत आहे. निधीला कॉलेज एक वर्ष पुढे ढकलून तुझ्या शाळेत यायचंय. अॅन आर्बरच्या युनिव्हर्सिटीत प्रवेश मिळालाय, घरापासून तासाभरावर, ज्यासाठी लोक देव पाण्यात घालून बसतात, आणि ही म्हणते थांबेल ते. तिनं आधी तुला विचारलं. मला नंतर सांगितलं, तेही डिशवॉशर लावता लावता, उद्या दूध संपेल म्हणून सांगावं तसं. तू तिला उत्तर दिलंस की आधी आईला विचार, ती हो म्हणाली की मग आपण बोलू. देवदत्तनं, तिच्या बापानं, ते मोठ्यानं वाचून दाखवलं आणि म्हणाला, बघ, शैलजा किती समंजस आहे. माझ्या हातात कढई होती. माझ्या मुलीबद्दल मला विचारायचं, आणि त्याचंही कौतुक तुझंच.

तर स्पष्टच लिहिते, आडवळणं घेण्याइतकी आता आपण लहान नाही. मला तुझा मत्सर वाटतो. अधूनमधून नाही, रोज वाटतो. सकाळी गाडीवरचा बर्फ खरवडताना वाटतो, ऑफिसच्या मीटिंगमध्ये वाटतो, आणि तुझं नाव घेऊन कुणी काही चांगलं बोललं की पोटात अक्षरशः दुखतं. होस्टेलवर एका खोलीत राहिलो तेव्हाही तू माझ्याआधी उठायचीस आणि माझाही चहा आणून ठेवायचीस, तेव्हा मी नुसती आळशी ठरायचे. आता मी काय ठरते, ते मला नीट सांगता येत नाही.

दोन हजार दोनमध्ये तुझी नोकरी गेली आणि तू आमच्या बेसमेंटमध्ये राहायला आलीस, तेव्हा मीच तुला आणलं होतं. देवदत्त म्हणत होता, थोडे दिवस ठीक आहे. मीच म्हटलं, लागेल तितके दिवस राहू दे, आपली शैलू आहे. निधी तेव्हा बारा वर्षांची होती आणि शाळेतून आल्यावर बॅग टाकून थेट खाली जायची. मी कामावरून यायचे तेव्हा जिन्यातून तुमचं हसू वर यायचं. मी वरूनच विचारायचे, होमवर्क झालं का. दुसरं काय विचारणार होते? त्या घरात मी होमवर्कची होते आणि तू हसण्याची. ही वाटणी कुणी केली कोण जाणे, पण झाली आणि तशीच राहिली.

मग त्सुनामी आली. जानेवारीतलं आमच्याकडचं पॉटलकचं जेवण तुला आठवत असेल. संध्याकाळभर टीव्हीवर तेच चाललं होतं आणि आपण भात गार होईपर्यंत नुसते बघत बसलो होतो. वर्तमानपत्रातलं ते मोकेन लोकांबद्दलचं मी कापून ठेवलं होतं. थायलंडच्या किनाऱ्याजवळ होड्यांत जन्म काढणारी माणसं, समुद्र मागे सरला तो बघून डोंगरावर पळाली म्हणून वाचली, पण झोपड्या आणि होड्या गेल्या. कागदपत्रं त्यांच्याकडे कधीच नव्हती, त्यामुळे मुलांना कुठली शाळाही नीट घेईना. मी वाचून दाखवलं आणि म्हटलं, आपण ह्या मुलांसाठी काहीतरी करू या. मी म्हटलं, शैलजा. आता सगळीकडे सांगतात की कल्पना तुझी. तू स्वतः दर वेळी दुरुस्त करतेस, प्रतिमाची होती म्हणून सांगतेस, आणि लोक म्हणतात, बघा किती नम्र आहे.

तिकिटंसुद्धा आपण दोघींची बघितली होती. पण निधी नववीत होती. तिचा बँड, तिचे दातांचे ब्रेसेस, तिला शाळेतून आणणं-सोडणं, आणि देवदत्त तर गाड्यांच्या प्लँटवरून कधी येईल त्याचा नेम नाही. मी म्हटलं, तू पुढे हो, मी पुढच्या वेळी येते. तू दोन आठवड्यांसाठी गेलीस, परत आलीस, पुन्हा लागलेली चांगली नोकरी सोडलीस आणि शरद ऋतूतली पानं गळायच्या आत कायमची गेलीस. मी निधीसाठी मागे राहिले. हे वाक्य मी कुणाला कधी म्हटलेलं नाही, आता लिहून बघितलं. निधीसाठी मी मागे राहिले, आणि निधी तुझ्याकडे निघाली.

मी तुझ्याच जुन्या खोलीत फाउंडेशनचं ऑफिस थाटलं. तू तिकडे मुलांना शिकवायचीस, मी इकडे सरकारला समजावत बसायचे की मोकेन हे माणसांचं नाव आहे, कंपनीचं नाही. गणपतीत महाराष्ट्र मंडळाच्या हॉलबाहेर वड्यांचा स्टॉल लावायचा, लोकांना तुझे फोटो दाखवायचे, बांबूच्या शाळेच्या पायऱ्यांवर ओल्या केसांची मुलं आणि मधे तू, रापलेली, सुती कुडत्यात, वीस वर्षं लहान दिसणारी. लोक फोटोकडे बघत मला विचारायचे, तुम्ही जाऊन आलात का हो? मी म्हणायचे, वडा गरम आहे, सांभाळून.

आणि ते कॅलेंडर. त्याच्यावर तर सगळं मंडळ अजून हसतं. पहिल्या वर्षी बोर्डाच्या मीटिंगमध्ये नरेंद्रनं लॅपटॉपवर रंगीत तक्ता करून आणला होता, गाडीचं नवीन मॉडेल काढायचं असल्यासारखा. सप्टेंबरात लेबर डे झाला की शाळा सुरू, जून आला की सुट्टी. आमच्या फ्रिजवर ट्रॉयच्या शाळांचं वेळापत्रक लावलेलं होतं, तेच त्यानं उचललं. आणि आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. एकजात सगळे महाराष्ट्रातल्या शाळांत शिकलेले, जूनमध्ये नवीन रेनकोट घालून पहिल्या दिवशी गेलेले, आणि एकाच्याही डोक्यात आलं नाही की शाळा जूनमध्येही उघडते. तूही नवीन होतीस, तो तक्ता भिंतीवर लावलास. पाऊस संपला, समुद्र निवळला, ज्यांना ज्यांना पुन्हा होड्या मिळाल्या होत्या ती कुटुंबं पोराबाळांसकट निघून गेली. तू लिहिलंस, वर्गात आता फळा, थाई मास्तर आणि एक कुत्रा आहे. मे महिन्यात पाऊस लागला आणि सगळी मुलं किनाऱ्याला परत आली, तेव्हा आमच्या हिशेबानं सुट्टी लागणार होती.

तू आम्हाला न विचारता जूनमध्ये शाळा उघडलीस आणि मग कळवलंस. माफी मागितली नाहीस, कुणाला नावंही ठेवली नाहीस. एवढंच लिहिलंस की वर्गात ओल्या कपड्यांचा वास येतो आणि पुण्यातल्या शाळेत बसल्यासारखं वाटतं. त्या गणपतीत तुला स्पीकरफोनवर लावलं होतं, तू ही सगळी गोष्ट सांगितलीस, हॉल हसून हसून लोळला. नरेंद्रच सगळ्यात मोठ्यानं हसला. निधी माझ्या शेजारी उभी होती आणि तिचा चेहरा असा उजळला होता, जसा मी तिच्या एकाही वाढदिवसाला बघितला नाही. तिनं घरी येऊन फ्रिजवरचं वेळापत्रक काढलं आणि तुझ्या शाळेचं लावलं, जून ते ऑक्टोबर, चारी बाजूंनी मासे काढून. ते अजून तिथेच आहे. नरेंद्रचं कॅलेंडर टिकलं असतं ना, तर ह्या जूनमध्ये तुझ्या शाळेला कुलूप असतं आणि निधी सप्टेंबरात मुकाट्यानं कॉलेजला गेली असती. गेला आठवडाभर मी हाच विचार करतेय. मुलं शाळेविना राहिली असती तरी चाललं असतं, इथपर्यंत माझी मजल गेली. बघ आता.

गेल्या उन्हाळ्यात देवदत्त आणि निधी तुझ्याकडे येऊन गेले, तेव्हा माझ्या ऑफिसात नेमकं नव्या सॉफ्टवेअरचं रिलीज होतं. परत आल्यावर देवदत्तनं जेवताना सहज सांगितलं की तिकडे संध्याकाळी पायऱ्यांवर मुली एकीमागे एक बसतात, पुढचीच्या केसांना मागची तेल लावते, आणि निधी रांगेत बसली आणि तिच्या मागे शैलजा. मी भाजी वाढत होते. चौथीत कुणीतरी तिला वास येतो म्हटलं होतं, त्या दिवसापासून ह्या मुलीनं मला डोक्याला हात लावू दिलेला नाही. मी बाटली काढली की म्हणते, मॉम, प्लीज, नो. मी हट्ट केला नाही, म्हटलं, इथे वाढतेय, इथलं तिला जगायचंय. आणि तुझ्यापुढे ती आपण होऊन मान खाली घालून बसली.

मराठीचंही तेच. मी मराठीत विचारते, ती इंग्लिशमध्ये उत्तर देते, अशी आमची अठरा वर्षं गेली. शनिवारच्या मराठी वर्गाला नेण्यासाठी मी तिला लाच दिलीये, रागावलेय, एकदा तर गाडीतच रडलेय. आणि रविवारी तुझा फोन आला की दार लोटून घेते आणि आतून ऐकू येतं, मावशी, अगं ऐक ना. मोडकंतोडकं, पण मराठी. मी बाहेर कपड्यांच्या घड्या घालत उभी असते. झालेल्या घड्या पुन्हा मोडून घालते, कारण तिथून हलायचं नसतं.

एकदा मनात आलं, हिला स्वतःचं मूल नाही म्हणून माझं घेतलं. लिहिणार नव्हते, पण लिहिलं गेलं, आता खोडत नाही. तू असली बाई नाहीस हे मला माहीत आहे. तू काही हिसकावून घेतलं असतंस तर मी कडाकडा भांडले असते आणि मोकळी झाले असते. तू नुसती चांगली वागतेस. तुझ्याशी भांडायला मला कधी जागाच सापडली नाही, होस्टेलपासून.

आता हे पत्र कशासाठी ते सांगते. निधीला मी हो म्हटलंय. परवा तिला बँडच्या सरावाला सोडायला गेले होते, शाळेच्या पार्किंगमध्ये गाडी थांबवली आणि म्हटलं, जा तू मावशीकडे, माझी हरकत नाही. ती सीटबेल्ट काढून माझ्या गळ्यात पडली. आई म्हणाली. मॉम नाही, आई. केवढा वेळ सोडलंच नाही, मागची गाडी हॉर्न वाजवत होती तरी. आज-उद्या ती तुला कळवेल की आई तयार आहे. तू तिला लगेच काही सांगू नकोस, ह्या पत्राची वाट बघ, म्हणून मी तुला कालच फोनवर निरोप ठेवला होता. शैलू, तू तिला नाही म्हण. राहायची सोय होत नाही म्हण, थाई मास्तर परवानगी देत नाहीत म्हण, तुला सुचेल ते म्हण, फक्त माझं नाव येऊ देऊ नकोस. ती तुझ्यावर रागावेल. आजवर तिचा सगळा राग मीच खाल्लाय, एकदा तू खा. माझ्या नकाराला ती जुमानणार नाही, तुझ्या नकाराला जुमानेल. माझीच मुलगी माझ्या घरात राहावी म्हणून मला तुझ्यापुढे पदर पसरावा लागतोय, आणि ह्याबद्दल मी तुला जन्मात माफ करणार नाही. तरी मागते. तिला नाही म्हण.

तुझीच,
प्रतिमा