खो मिळाल्यावर

कोरमंगला, बेंगळुरू
४ फेब्रुवारी २०२५

दयादादा,
साष्टांग नमस्कार.

आईचं बीपी कसंय? वहिनी बरी ना? इकडे मी मजेत. आणि तू दरडावून विचारलंस, तसलं मुलाबिलाचं काही नाही हं. असता तर मिरवला नसता का! पत्र लिहितेय, कारण फोनवर तू आधी ओरडतोस आणि मग ऐकतोस.

रविवारी मला निपाणीला न्यायला येतोयस म्हणे. त्याआधी हे वाच.

‘कामाचा ताण’ म्हणत होते ते अर्धंच खरं होतं. दिवाळीनंतर मी ऑफिसला जातच नव्हते. सुट्टी टाकून पीजीत पडून. भूक नाही, आंघोळ नाही, डोळे उघडले की रडू. सगळं नकोसं झालं होतं रे.

खोलीतल्या रम्यानं ओढत डॉक्टरांकडे नेलं. गोळ्या सुरू झाल्या. डॉक्टरबाई म्हणाल्या, रोज थोडा घाम गाळ. मी मान हलवली आणि खोलीवर येऊन पांघरूण ओढलं.

मग मालनअक्का. आमच्या पीजीच्या मालकीणबाई, इथल्याच जुन्या मराठी घरातल्या. मागच्या मैदानात मुलींना खो-खो शिकवतात. एका संध्याकाळी दारात हजर. “स्वल्प खाली ये ग. एक मुलगी कमी पडतीय. नुसतं बसायचं, सरी?” (सरी म्हणजे ‘ठीक?’, अक्कांचं निम्मं बोलणं कन्नड.)

बसण्यात तर मी तरबेज! जाऊन रांगेत बसले. तेवढ्यात पाठीवर थाप पडली, “खो!” आणि मी उठून पळाले. कशी, देव जाणे. पळाले तीही उलट्या दिशेला. फाउल झाला, गुडघा फुटला, अक्का कन्नडमध्ये कडाडल्या. त्या रात्री डाराडूर झोपले आणि सकाळी चक्क भूक लागली.

आता रोज खेळते, ऑफिसलाही जाते. परवा मीटिंगमध्ये मागे बसलेल्या ऑफिसातल्या संयोगितानं पेन मागायला पाठीवर थोपटलं, तर मी खुर्ची उलथून थेट दारापर्यंत! सगळे हसले. मीही, पोट धरधरून. किती दिवसांनी, दादा!

एखादी सकाळ अजून जड जाते, खोटं कशाला बोलू? पण घरी नेऊ नकोस. तिकडे तुम्ही मायेनं मला झोपवूनच ठेवाल. मला आता आराम नको.

रविवारी मात्र नक्की ये. यशवंतपूरला आमचा सामना आहे. माझं परतीचं तिकीट तेवढं रद्द कर. आणि आईला ‘पोरगी जरा दमलीय’ असलं काही सांगू नकोस. आजारी होती म्हणून सांग. आणि त्याच दमात सांग, आता धावतेय.

तुझी
पवित्रा