मुंग्यांसाठी हळद

वरठी, मंगळवार, १४ नोव्हेंबर २०१७

संध्याकाळी भात मांडला होता, तर हे खाटेवरून ओरडले, "अवं, हाताले मुंग्या येऊन राहिल्या!"

मोटारसायकलवरून पडल्यापासून ह्यांचा उजवा हात नुसता लोंबतो. मी धावले. अंथरूण झटकलं, खाटेच्या चारही पायांशी हळद टाकली. मुंगी एकही दिसेना. मी चिडलेच.

"कायले शोधून राहिली व? आतून येऊन राहिल्या."

आतून? ज्या हाताला काही कळतच नाही, त्याला मुंग्या कशा कळल्या, हे माझ्या डोक्यात कसं आलं नाही! डॉक्टर म्हणाले होते, खांद्याजवळची नस दबली आहे, म्हणून मेंदूचा निरोप हाताला आणि हाताचा मेंदूला पोचत नाही. नस जागी व्हायला लागली की आधी मुंग्या येतील. खरंच का? मी त्या हाताच्या करंगळीला करकचून चिमटा काढला.

"आई गं! काहून व?"

इतकी गोड बोंब मी जन्मात ऐकली नव्हती. कोणाचे आभार मानू? डॉक्टरांचे, की त्या नसेचे?

जेवणं झाल्यावर खाटेखालची हळद ओल्या फडक्याने नीट पुसून काढली. ह्या मुंग्या जायला नकोत.